रिकामी होताना गार, भरताना गरम

सकाळी 6.30

मे महिन्यात आमचं शटर साडेसहाला उघडतं. अकरानंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही, आणि गॅस सोडायचं काम सकाळच्या हवेत उरकलेलंच बरं. नगरच्या नागापूर एमआयडीसीतलं आमचं छोटं केंद्र सीएनजी सिलिंडरच्या हायड्रोटेस्टचं आहे. गाडीतला सिलिंडर दर तीन वर्षांनी उतरवून, पाण्याच्या दाबावर तपासून घ्यावा लागतो. तसा नियम आहे, आणि अशा केंद्रांना मान्यता देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे.

आज फळ्यावर तीन गाड्या. शिर्डीच्या फेऱ्या मारणारी एक एर्टिगा, केडगावची एक रिक्षा आणि भाजीपाला वाहणारा राहुरीचा एक टेम्पो. कामाला आम्ही तिघं: मी, इथले सगळ्यांत जुने कारागीर (सगळे त्यांना मामाच म्हणतात) आणि डिप्लोमा करून अप्रेंटिस म्हणून आलेला एक मुलगा. त्याला पुढे पुण्याला जाऊन हायड्रोजनच्या गाड्यांवर काम करायचंय. म्हणून दिवसभर हातातलं काम सीएनजीचं आणि बोलणं हायड्रोजनचं, असं आमचं सध्या चाललंय. मलाही ते हवंच आहे. हायड्रोजनचं नाव काढलं की लोक एक तर स्फोटाबद्दल विचारतात, नाही तर किमतीबद्दल. त्या टाकीच्या आत रोज काय घडतं याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आत घडतं ते मुख्यतः तापमानाचं असतं, आणि त्याची सौम्य आवृत्ती आम्ही रोज हाताने चाचपतो.

सकाळी 7.00

एर्टिगाच्या डिकीतला सिलिंडर साठ लिटरचा, पोलादी. मालकाला गॅस संपवून, पेट्रोलवर गाडी आणायला सांगितलं होतं. तरी गेजवर चाळीस बारच्या आसपास शिल्लक आहेच. गाडी उघड्यावर घेतली, बॅटरीची वायर काढली, अर्थिंग लावलं आणि सिलिंडरला छपराच्या वर काढलेल्या बारीक नळीची जोडणी दिली. मामांनी व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडला.

दोन-तीन मिनिटांत व्हॉल्व्हच्या मानेवर दव धरतं. मग त्याचा पातळ पांढरा थर होतो. सध्या हवा कोरडी आहे, म्हणून थर नावापुरता. ऑगस्टमध्ये हाच व्हॉल्व्ह पांढराफटक होतो आणि त्यावरून बोट फिरवलं की रेघ उमटते. मामा मध्येच तळहात सिलिंडरच्या पोटावर ठेवतात. पोलाद गार पडत चाललं की व्हॉल्व्ह आणखी मिटून घेतात. त्यांनी हे पुस्तकातून घेतलेलं नाही, पण पुस्तकात लिहिलंय ते नेमकं हेच आहे: रिकामं करण्याचा वेग जितका जास्त, तितकी आतली थंडी जास्त.

यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एक व्हॉल्व्हच्या फटीत. दाबाखालचा नैसर्गिक वायू अरुंद वाटेने एकदम कमी दाबात आला की तो गार होतो. भौतिकशास्त्रात याला जूल-थॉमसन परिणाम म्हणतात. दुसरी गोष्ट सिलिंडरच्या आत. मागे राहिलेला गॅस पुढच्या गॅसला बाहेर ढकलत असतो, त्यासाठी लागणारी ऊर्जा तो आपल्याच उष्णतेतून देतो, आणि त्यामुळे स्वतः गार पडतो. बाहेरचा बर्फ दिसतो, आतली थंडी दिसत नाही.

पोरगा विचारतो, “ताई, लग्नात आचाऱ्याच्या सिलिंडरच्या बुडाला बर्फ धरतो, तसंच ना हे?” दिसायला तसंच, पण कारण वेगळं. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये द्रव असतो. मोठ्या शेगडीला भरपूर वायू लागतो, द्रव भराभर उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता भांड्यातूनच ओढून घेतो. सीएनजीच्या सिलिंडरमध्ये द्रवाचा थेंबही नाही. इथे वायू फक्त विरळ होत जातो, आणि हायड्रोजनच्या टाकीतही तेच.

दहा बारवर मामांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि ते चहाला गेले. हे मुद्दाम करायचं असतं. पाच-सात मिनिटांनी पोरगा गेजकडे बघत म्हणाला, “काटा वर चढलाय.” काटा बाराकडे सरकला होता. गॅस कुठून आला? कुठूनच नाही. पोलादाच्या जाड भिंतीत साठलेली उष्णता आतल्या गार गॅसला मिळाली, तो तापला आणि तेवढाच गॅस आता जास्त दाब दाखवू लागला. मी त्याला सांगितलं, आजच्या दिवसातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तुला सकाळी सव्वासातलाच दिसली. गेज दाब दाखवतं. सिलिंडरमध्ये गॅस किती आहे हे दाबाच्या जोडीला तापमान कळल्याशिवाय सांगता येत नाही.

आता याच जागी हायड्रोजनची टाकी आहे असं धरू. कारच्या आधुनिक टाक्या पोलादी नसतात. आत पॉलिइथिलीन किंवा पॉलिअमाइड या प्लॅस्टिकचं अस्तर आणि त्यावर राळेत भिजवलेल्या कार्बन धाग्याचे जाड वेढे. त्यांना चौथ्या प्रकारची टाकी म्हणतात. पहिला प्रकार आपला पूर्ण पोलादी, आणि तिसऱ्यात ॲल्युमिनियमचं अस्तर असतं. कार्बन धाग्याची भिंत ताकदीला उत्तम, पण उष्णता वाहून न्यायला आळशी. आत गॅस उणे तीस अंशांवर गेला तरी बाहेरून लावलेल्या हाताला फार काही कळणार नाही. आणि व्हॉल्व्हवरचं ते पहिलं दव? हायड्रोजनचा स्वभाव तिथेही उलटा. साधारण उणे 73 अंशांच्या वरच्या तापमानाला तो फटीतून सुटताना गार होत नाही, किंचित तापतो. म्हणजे मामांना सावध करणाऱ्या दोन्ही खुणा, फटीपाशी धरणारं दव आणि पोटाचा गारवा, तिथे भरवशाच्या राहत नाहीत. आतली थंडी मात्र तशीच असते.

सकाळी 9.00

सिलिंडर पूर्ण रिकामा करून नायट्रोजनने धुतला, व्हॉल्व्ह काढला, वजन केलं. मूळ वजन सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेलं असतं. पाच टक्क्यांहून जास्त घट दिसली तर तो बाद. आत दिवा सोडून पाहिलं: थोडा तेलकट थर, गंज नाही. रिक्षाच्या सिलिंडरला पट्ट्याखाली घासल्याची खूण होती. तिची खोली मोजली, ती चालण्यासारखी निघाली.

सकाळी 10.00

हायड्रोटेस्टची पद्धत सांगायला सोपी आहे. पाण्याने भरलेला सिलिंडर पाण्याच्याच एका बंद पिंपात उतरवायचा आणि आतल्या पाण्याचा दाब वाढवायचा. 200 बारच्या सिलिंडरला चाचणीचा दाब 334 च्या आसपास. पोलाद ताणलं जातं, सिलिंडर किंचित फुगतो आणि बाहेरच्या पिंपातलं तेवढं पाणी काचेच्या नळीत चढतं. दाब सोडला की पाणी खाली येतं. पूर्ण खाली आलं नाही तर जेवढं वर राहिलं तेवढा कायमचा फुगवटा. एकूण फुगवट्याच्या दहा टक्क्यांपेक्षा तो जास्त असेल तर सिलिंडर पुन्हा गाडीला लावायचा नाही.

या चाचणीत गॅस नाही, पण तापमान इथेही पाठ सोडत नाही. टाकीवरच्या नळाचं पाणी मे महिन्यात दहा वाजताच गरम येतं, पिंपातलं मात्र रात्रभर निवलेलं असतं. गरम पाण्याने भरलेला सिलिंडर गार पिंपात उतरवला की दोन्ही पाण्यांची तापमानं एकमेकांकडे सरकतात आणि नळीतली पातळी दाबाविनाच हलत राहते. म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळीच पाणी भरून सावलीत ठेवतो, थर्मामीटर दोन्हीकडे लावतो आणि पातळी स्थिर होईपर्यंत पंपाला हात लावत नाही. ग्राहकाला घाई असते. पण घाईत घेतलेलं वाचन सिलिंडरबद्दल काहीच सांगत नाही, ते फक्त पाण्याबद्दल सांगतं.

तिन्ही उत्तीर्ण. गरम हवेने आतून कोरडे करायला लावले.

सकाळी 11.30

केडगावचे रिक्षावाले दादा बाकावर बसून होते. रागावलेले होते. “मॅडम, पंपावर फसवतात बघा. दुपारी भरला तर चारी लाइट लागतात. रात्री गाडी लावली अन् सकाळी पाहिलं तर तीनच. किलोमीटर पण कमी पडतात. गॅस जातो कुठं?”

असा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच, आणि तो विचारणाऱ्याला मी कधी पटकन वाटेला लावत नाही, कारण त्याचं निरीक्षण अचूक असतं. आधी साबणाच्या पाण्याने त्यांचे सगळे जोड तपासले. कुठेही बुडबुडा नाही. मग त्यांना सकाळचा चढलेला काटा सांगितला. तोच प्रकार इथे उलट्या दिशेने घडतो. भरताना आधीचा गॅस नव्या गॅसखाली दाबला जातो, नवा गॅसही आपली ऊर्जा घेऊन येतो आणि दोन मिनिटांत सगळा सिलिंडर तापतो. त्यात दुपारची वेळ, उन्हात उभी गाडी. गॅस समजा साठ अंशांवर गेला. यंत्र 200 बारला थांबतं. रात्री तोच गॅस पंचवीस अंशांवर येतो आणि दाब 170 च्या आसपास उतरतो. चौथा लाइट जातो. गॅस कुठेही गेलेला नाही. तो दुपारी बसलाच कमी होता.

“म्हणजे पैसे जास्त गेले?” नाही. पंपावरचं यंत्र किलो मोजतं, दाब नाही. जेवढे किलो आत गेले तेवढ्याचेच पैसे. तोटा पैशाचा नाही, पल्ल्याचा आहे. सकाळी सहा-सातला, गाडी थंड असताना भरा, तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त किलो बसतील. दादा म्हणाले, “मग सकाळी रांग लावावी लागंल.” तेही खरंच आहे.

दुपारी 1.00

जेवताना पोरगा मोबाइलवर हायड्रोजन ट्रकची बातमी दाखवत होता. मार्च 2025 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानातून 37 बस-ट्रक आणि 9 इंधन केंद्रांचे प्रायोगिक प्रकल्प मंजूर केले. दहा मार्गांपैकी एक पुणे-मुंबई. त्याच आठवड्यात टाटा मोटर्सच्या हायड्रोजन ट्रकच्या चाचण्यांना हिरवा झेंडा दाखवला गेला. पुण्यात त्याआधीच, ऑगस्ट 2022 मध्ये, केपीआयटी आणि सीएसआयआरने मिळून केलेली इंधनघटावरची (फ्युएल सेलवरची) बस रस्त्यावर आणून दाखवली होती. नगरहून पुणे सव्वाशे किलोमीटर. हे इंधन आपल्या महामार्गावर यायला एक पिढी लागेल असं मला वाटत नाही.

आणि नगरला वाहन तपासणीची परंपरा आहे. डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था इथेच आहे. लष्कराच्या गाड्या वाळवंटात तापून आणि लडाखमध्ये गोठून कशा वागतील, हा प्रश्न या गावाने वर्षानुवर्षं हाताळला आहे. सियाचिनची थंडी आणि जैसलमेरचं ऊन यांना एकाच गाडीने तोंड द्यायचं असतं. हायड्रोजनच्या टाकीला ही दोन्ही टोकं दिवसातून दोनदा, जागच्या जागी भेटू शकतात.

दुपारी 2.30

बाहेर पारा चाळीसच्या वर. या वेळी आम्ही पाना हातात घेत नाही, कागदपत्रं उरकतो. आज पोराला गणित घातलं.

हायड्रोजन चाळीस अंशांचा, म्हणजे निरपेक्ष मापात 313 केल्विन. टाकी पूर्ण रिकामी आणि तिच्या भिंती उष्णता अजिबात शोषत नाहीत असं धरायचं. आदर्श वायूच्या हिशेबाने आत भरलेल्या वायूचं तापमान 1.4 पट होतं. किती येतं? त्याने वहीत मांडलं: 438 केल्विन, म्हणजे 165 अंश. तो दचकला. प्रत्यक्षात एवढं होत नाही, कारण टाकीत थोडा जुना वायू असतो आणि भिंत बरीच उष्णता घेते. पण कारची टाकी तीन ते पाच मिनिटांत भरायची म्हटलं तर भिंतीला उष्णता घ्यायला वेळच किती मिळतो? आणि टाकीची वरची मर्यादा आहे 85 अंश. त्यापुढे राळ आणि अस्तर यांचा भरवसा नाही. आणखी वर, 110 अंशांच्या आसपास, आगीसाठी बसवलेली सुटका-झडप उघडते आणि सगळा वायू बाहेर सोडते.

मग दुसरं गणित. तोच वायू आधी उणे चाळीस अंशांना गार करून सोडला तर? 233 गुणिले 1.4: 326 केल्विन, म्हणजे 53 अंश. तो वहीकडे बघत राहिला. जगभर 700 बारच्या पंपांवर वायू नोझलपाशी येण्याआधी उणे 33 ते उणे 40 अंशांपर्यंत थंड का केला जातो, त्याचं उत्तर या दोन ओळींत आहे. ‘एसएई जे2601’ नावाचं भरण्याच्या पद्धतीचं जे मानक 2014 पासून लागू आहे, त्याचा गाभाच हा आहे: बाहेरची हवा किती गरम, टाकीत आधी किती दाब, वायू किती गार केलेला, यांवरून दाब किती वेगाने चढवायचा ते ठरतं. गाडी उन्हात उभी होती अशी शंका धरूनच ते वेग बांधलेले आहेत. गाडी आणि पंप यांच्यात इन्फ्रारेडने बोलणंही होतं. टाकीतला दाब आणि तापमान गाडी पंपाला कळवत राहते.

रिक्षावाल्या दादांच्या चार लाइटचं उत्तरही त्या मानकात आहे. टाकी भरली की नाही हे तिथे दाबावर ठरवत नाहीत, घनतेवर ठरवतात. 700 बारची टाकी 15 अंशांना भरलेली असेल तर लिटरमागे 40.2 ग्रॅम हायड्रोजन. तेवढाच हायड्रोजन 85 अंशांना असेल तर दाब 875 बारच्या जवळ जातो. म्हणून त्या टाकीला 875 पर्यंत मुभा दिली आहे. काटा 875 वर आणि टाकी नेमकी शंभर टक्के भरलेली: तिथे ते बरोबर मानलं जातं. सीएनजीच्या वेळी आपल्या रस्त्यांवर ही समज फारशी पोचली नाही. हायड्रोजनच्या वेळी तरी ती पहिल्या दिवसापासून पंपावरच्या मुलाला आणि चालकाला द्यायला हवी.

वायू उणे चाळीसला नेणारं यंत्र महागडं, वीजखाऊ आणि देखभालीला नाजूक असतं. सुपा किंवा घोडेगावच्या उन्हात ते जास्तच राबेल. खर्च वाचवायचा म्हटला की पहिली नजर त्याच्यावर जाणार, आणि तिथेच कात्री लावू नये असं मला कळकळीने वाटतं. बस आणि ट्रकसाठी 350 बारची टाकी घेतली तर काम बरंच सोपं होतं. वायू तितका थंड करावा लागत नाही, किंवा सावकाश भरून भागतं. जागा जास्त लागते, लिटरमागे 24 ग्रॅमच बसतात, हे मान्य. पण आपल्या हवेत, डेपोत रात्री उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी मी तोच रस्ता धरेन.

दुपारी 4.00

तिन्ही सिलिंडर पुन्हा गाड्यांना लागले. नव्या तारखेचा शिक्का आणि पाटी झाली. एर्टिगा घेऊन मी आणि पोरगा मनमाड रोडवरच्या पंपावर गेलो, कारण तपासणीनंतरचं पहिलं भरणं मी शक्यतो स्वतः बघते. पूर्ण रिकामा सिलिंडर अर्ध्या भरलेल्या सिलिंडरपेक्षा जास्त तापतो. शून्यापासून 200 पर्यंतचा सगळा चढ त्याला एकाच दमात चढायचा असतो.

नोझल लागलं. मी पोराचा एक हात भरण्याच्या नळीवर ठेवला आणि दुसरा डिकीतल्या सिलिंडरच्या पोटावर. नळी गार, जवळजवळ झोंबणारी. सिलिंडर आधी जैसे थे, मग कोमट, आणि मिनिटाभरात हात सरकवावा वाटण्याइतका गरम. एकाच गॅसची एकाच वेळी दोन रूपं. नळीच्या फटीतून सुटताना तो गार होतो, आणि आत पोचून मागून येणाऱ्या गॅसखाली दाबला गेला की तापतो. यंत्र 200 ला थांबलं. साठ लिटरच्या सिलिंडरमध्ये आठ किलोच्या थोडं वर बसलं. गार सकाळी यात आणखी किलोभर सहज बसला असता.

हायड्रोजनच्या पंपावर हे दोन हात वेगळं सांगतील. थंड करून पाठवलेल्या वायूमुळे नळीवर बर्फ, आणि टाकीच्या पोटावर फारसं काही नाही, कारण कार्बनची भिंत आतली उष्णता लवकर बाहेर येऊ देत नाही. आतला वायू सत्तर अंशांवर असला तरी बाहेरचा हात निर्धास्त राहील. पोलादाने आम्हाला हाताने वाचायची सवय लावली आहे. ती या टाकीपुढे टिकणार नाही. तिथे आतला तापमापकच काय तो डोळा. तोही बहुधा टाकीच्या एका टोकाला बसवलेला असतो, आणि लांबलचक आडव्या टाकीत सगळीकडे एकच तापमान नसतं. वायू जोरात आत आला तर तो ढवळला जातो आणि सगळीकडे सारखा तापतो. सावकाश आला तर गरम वायू वर आणि गार वायू खाली, असे थर लागतात. रिकामं होताना तर ढवळणारं कुणीच नसतं. तेव्हा तळाची बाजू वरच्यापेक्षा बरीच गार असू शकते. नेदरलँड्समध्ये पेटन इथे युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने नेमक्या याच कामासाठी चाचणीघर बांधलं. खऱ्या टाकीत जागोजागी तापमापक लावून ती भरायची, रिकामी करायची आणि आत काय होतं ते पाहायचं. पोराला म्हटलं, पुण्याला जाशील तेव्हा असलं काम माग.

संध्याकाळी 5.30

परत आलो तर राहुरीच्या टेम्पोचे मालक गाडी न्यायला आले होते. त्यांचा भाऊ लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, तोही सोबत. त्याने सरळच विचारलं, “मॅडम, उद्या हायड्रोजनचा ट्रक घेतला तर त्याची टाकी तुम्ही तपासून द्याल का?”

आजच्या यंत्रावर नाही, असं मी सांगितलं, आणि का ते त्याला समजावून सांगावंसं वाटलं. पोलाद ताणलं गेलं की पाणी चुगली करतं. कार्बन धाग्याच्या टाकीचं म्हातारपण वेगळं असतं. तिचं अस्तर प्लॅस्टिकचं. हायड्रोजनचा रेणू इतका लहान की तो थोडा थोडा अस्तरातून झिरपून अस्तर आणि धाग्याच्या मध्ये जाऊन बसतो. आत दाब असतो तोवर अस्तर भिंतीला चिकटून असतं. टाकी फार झपाट्याने, फार खालच्या दाबापर्यंत रिकामी केली तर मध्ये अडकलेला हायड्रोजन अस्तराला आतल्या बाजूला ढकलतो, तिथे फुगा येतो किंवा अस्तर दुमडतं. त्याच वेळी आत थंडी पडलेली असते. उणे चाळीसच्या खाली अस्तर कडक होतं, रबरी सील आखडतात. म्हणजे नुकसान करणारे दोन्ही घटक एकाच क्षणी एकत्र येतात, आणि तो क्षण भरण्याचा नसतो, रिकामं होण्याचा असतो.

तो म्हणाला, “पण ट्रक चालताना तर सावकाशच गॅस जातो ना?” सपाट रस्त्यावर हो. तिथे बाहेरची उष्णता आत यायला वेळ मिळतो, आणि टाकी हवेपेक्षा थोडीच गार राहते. भरल्या मालानिशी करंजी घाट चढताना मागणी वाढते, थंडीही वाढते. पण मला खरी काळजी घाटाची नाही, गॅरेजची आहे. दुरुस्तीसाठी, अपघातानंतर किंवा तपासणीसाठी टाकी घाईने मोकळी केली जाईल तेव्हाची. ग्राहक बाकावर बसून घड्याळ बघत असतो, आणि व्हॉल्व्ह आणखी एक आटा उघडला तर काय होतंय, असं हाताला वाटतं. आमच्या धंद्यात हा मोह रोजचा आहे. पोलाद तो सहन करतं.

हायड्रोजन वाहनांसाठी 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली जे जागतिक तांत्रिक नियम झाले, त्यांत टाकीला कडक थंडीत आणि कडक उष्म्यात पुन्हा पुन्हा भरून-रिकामी करायची परीक्षा आहे, आणि त्यांतली काही आवर्तनं देखभालीच्या वेळी जितक्या वेगाने रिकामी करतात त्या वेगाने करायची आहेत. म्हणजे नियम करणाऱ्यांनी गॅरेजचा विचार केलेला आहे. आपल्याकडेही इंधनघट वाहनांसाठी ‘एआयएस-157’ हे मानक 2020 मध्ये अधिसूचित झालं. पण मानक टाकी बनवणाऱ्याला बांधतं. दहा वर्षांनी राहुरीच्या किंवा पाथर्डीच्या गॅरेजमध्ये ती कोण, कशी, किती मिनिटांत मोकळी करतो, त्याच्यापर्यंत ते आपोआप पोचत नाही.

भाऊ थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “म्हंजे टाकीचा इतिहास पाहिजे.” नेमकं तेच. ट्रकच्या संगणकात टाकीचा दाब आणि तापमान क्षणाक्षणाला येतच असतं. त्यातल्या तीन गोष्टी कायम जपून ठेवल्या पाहिजेत: आतलं तापमान किती वेळा 85 च्या जवळ गेलं, किती वेळा उणे चाळीसकडे गेलं, आणि टाकी किती खालच्या दाबापर्यंत, किती वेगाने रिकामी झाली. सीएनजी सिलिंडरच्या खांद्यावर वजन आणि तारीख कोरलेली असते, मालक बदलला तरी ती पुसली जात नाही. ही नोंदही तशीच टाकीसोबत राहायला हवी, आणि ती कंपनीच्या कुलपात न राहता तपासणाऱ्या कुणालाही वाचता यायला हवी. मोकळं करण्याच्या नळीतच वेग बांधून देणारं भोक बसवावं, म्हणजे व्हॉल्व्ह कितीही उघडला तरी गॅस ठरल्यापेक्षा भराभर जाणार नाही. हे दोन झाले, आतून बघायचा कॅमेरा आणि गळती पकडणारं यंत्र मिळालं, आणि पेसोने त्याची पद्धत आखून दिली, तर मी टाकी तपासून देईन, असं त्याला सांगितलं. त्याने फोन नंबर लिहून घेतला. मामा तोवर उद्याच्या सिलिंडरसाठी पाणी भरायला लागले होते.